दुसरा टक

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पेट्रोल भरलं. भरताना ही खाली उतरली. टाकी भरली, मी किक मारली, निघालो. हिच्या दुकानापाशी वेळेत पोचलो. फक्त ही मागे नव्हती.

वाटेत मी हिला आमच्या फॅक्टरीतल्या नव्या झाकणांचा सगळा घोळ समजावून सांगितला होता. हिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायको नीट ऐकायला लागली, असंही मनात आलं होतं.

उलटा पंपावर गेलो. नाही. फोन उचलला नाही. मी तिकडे पंपावरच्या माणसाला हिच्या साडीचा रंग सांगत होतो (निळा सांगितला, हिरवा होता), आणि ही बसने जाऊन चष्म्याच्या दुकानात आरामात लोकांच्या फ्रेमचे स्क्रू पिळत बसली होती. शोधाशोध माझी झाली आणि राग मात्र हिला.

रात्री हिने माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः आधीच जेवून घेतलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर शांतपणे विचार केला. दोष सापडला. मागचे शॉकअप.

दोन्ही शॉकअप पार गेलेत. मागे माणूस बसला काय, उठला काय, गाडीला पत्ताच लागत नाही. जी गोष्ट गाडीला कळत नाही ती गाडी चालवणाऱ्याला कुठून कळणार? चांगल्या शॉकअपवर मागचं वजन उतरलं की गाडी चटकन वर येते, आणि चालवणाऱ्याच्या बुडाला तशी सूचना मिळते. मला सूचनाच मिळाली नाही. इतकी वर्षं ज्या गाडीला घरच्या माणसासारखं पुसलं, तिने ऐन वेळी दगा दिला.

सकाळी हे हिला समजावून सांगितलं. ही पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. म्हणाली, "गाडीला नाही कळलं, कबूल. पण तुम्हाला?"

प्रश्न तांत्रिक नव्हता, म्हणून उत्तर दिलं नाही. ही बसने गेली. मला न विचारता. म्हणजे सांगितलं, पण ठरवून झाल्यावर.

संकल्प: येत्या रविवारी मागचे दोन्ही शॉकअप मी स्वतः बदलणार. सोमवारी सकाळी ही माझ्या मागच्या सीटवर बसलेली असेल. गॅरेजमध्ये टाकणार नाही. विश्वास गाडीने घालवलाय, तो परत मिळवायला घरचाच हात हवा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

शॉकअपची जोडी आणली. चकचकीत आहे. टेबलावर ठेवली. हिने उचलून कपाटाखाली ठेवली.

संध्याकाळी मेहुण्याकडे गेलो. हिचा धाकटा भाऊ, टायरचं दुकान आहे. त्याच्याकडे टॉर्क रेंच आहे. म्हणजे लांब दांड्याचा पाना, पण त्यावर आकडे असतात. बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा लावायचा आणि पिळायचं. तेवढा घट्ट झाला की पान्यातून टक आवाज येतो.

मेहुण्याने पाना दिला, पण देण्याआधी पाऊण तास डोकं खाल्लं. एका वेळी एकच शॉकअप काढा. बोल्ट आधी हाताने बसवा. शेवटचं आवळणं गाडी स्टँडवरून खाली घेऊन, चाकांवर उभी असताना करा, कारण शॉकअपच्या डोळ्यात, म्हणजे बोल्ट जातो त्या भोकात, रबराची जाड नळी, रबरी बुश असतो आणि तो हवेत लटकलेला असताना आवळला तर कायमचा पिळलेला राहतो. आणि टक झालं की थांबा, भावोजी.

हो हो म्हटलं. बावीस वर्षं बाटल्यांची झाकणं आवळणाऱ्या विभागाचा मी सुपरवायझर आहे. मला आवळायला शिकवतोय. शेवटी बहिणीचाच भाऊ.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

किरकोळ बाब, पण नोंद हवी. आज ही साखरेची बरणी घेऊन समोरच्या काकांकडे गेली. उघडून घ्यायला. मी घरात, बरणी घरातली, झाकण मी लावलेलं, आणि उघडायला परका माणूस. काकांनी रबरी हातमोजा घालून उघडली म्हणे. दोघं हसत होती. मी गॅलरीतून ऐकलं.

झाकण घट्ट असणं हा गुन्हा कधीपासून झाला? आमच्याकडे सैल झाकणाची बाटली परत येते. घट्ट झाकणाची एकही बाटली आजवर परत आलेली नाही. लोक उघडू शकले नसतील तर तो पुढचा विषय.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

सगळी हत्यारं खाली पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर मांडली. मनःस्थिती उत्तम. हिला गॅलरीतून बघता येईल अशा जागी गाडी लावली आहे. मुद्दाम नाही.

एका वेळी एक शॉकअप काढण्यात वेळ फुकट जातो. दोन्ही एकदमच काढणार. दुपारच्या चहाला गाडी तयार.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दोन्ही एकदम काढल्यावर गाडी मागून खाली बसली. मडगार्ड चाकावर. म्हैस चिखलात बसते तशी बसली आणि उठेना. स्टँडने साथ सोडली. खरं तर स्टँडला मी कधीच काही त्रास दिला नव्हता.

समोरच्या काकांना हाक मारावी लागली. त्यांनी मागून उचलली, मी दोन्ही नवे शॉकअप आत सारले. काका उचलत असताना गॅलरीत ही आली, बघितलं, आणि आत गेली.

गाडी पुन्हा स्टँडवर लावली होती, ती तशीच ठेवून आवळायला घेतलं. खाली घेतली तर आडवं पडून आवळायला जागा राहत नाही, आणि काका निघून गेले होते. बोल्ट चार. आकडा लावला. पहिला बोल्ट. पिळला. टक.

आता इथे समज लागते. आमच्या झाकणाच्या मशीनवर दोन टक असतात. पहिला टक म्हणजे झाकण बसलं. दुसरा टक म्हणजे झाकण बंद झालं. पहिल्या टकवर बाटली सोडणाऱ्या पोराला मी त्याच दिवशी दुसऱ्या विभागात पाठवतो. मेहुण्याला फॅक्टरीचा अनुभव नाही. टायरवाल्याला एक टक पुरत असेल.

दुसऱ्या टकची वाट बघत पिळत राहिलो. येईना. दातओठ खाऊन पिळलं, तरी येईना. शेवटी हाताला कळ आली तेव्हा पहिला बोल्ट बंद झाला असं मानलं. दुसऱ्यालाही तेच. उजवी बाजू झाली. तिसऱ्या बोल्टला पान्याच्या दांड्यात पाण्याचा जुना पाइप घातला, म्हणजे जोर जास्त लागतो. पहिला टक आला. पिळत राहिलो. आणि दुसरा टक आला.

मोठा आला. इतका मोठा की पान्याबरोबर मीही मागे जाऊन पडलो. पान्यात बोल्टचं डोकं होतं. बाकीचा बोल्ट गाडीत.

हलक्या प्रतीचा माल. नव्या बोल्टनेही असा केसाने गळा कापावा, मग भरवसा ठेवायचा कुणावर?

९ फेब्रुवारी, सोमवार

हिने विचारलं, गाडी कुठे. म्हटलं, निरीक्षणाखाली आहे. ही बसने गेली.

मी फॅक्टरीतल्या एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. तो सबंध रस्ता त्याच्या साडूच्या घरबांधणीबद्दल बोलत होता. मला वाऱ्यात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मागे बसलं की समोरचं काहीच दिसत नाही, नुसती पाठ दिसते. सिग्नलला त्याने ब्रेक मारला तेव्हा माझं नाक त्याच्या हेल्मेटवर आपटलं. त्याचं बोलणं चालूच. मागच्या सीटवरचा माणूस म्हणजे... पण हा आत्ता महत्त्वाचा मुद्दा नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गाडी हाताने ढकलत कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेली. तुटलेला बोल्ट काढायला ड्रिल लागतं, ते घरी नाही, एवढ्याचसाठी.

गॅरेजवाला फोनवर बोलत बोलत काम करतो. त्याने टॉर्क रेंच हातात घेऊन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि फोनवरच्या माणसाला सांगितलं की एक गिऱ्हाईक पुस्तकातून आलंय. त्याच्या मते बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळायचे असतात. त्याचा अंदाज म्हणजे पान्यावर उभं राहायचं. बोल्टचा तुकडा काढला, नवा बसवला, डाव्या बाजूच्या दोन्ही बोल्टवर उभा राहिला. उजव्या बाजूचे दोन बघू का म्हणाला. मी ठामपणे नाही म्हटलं. ते माझ्या हाताचे आहेत.

घरी येताना गाडी मागून कुईं कुईं वाजत होती. नवेपणाचा आवाज असावा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज जात नाही. खड्ड्यातून गेलं की मागच्या चाकाचा दणका थेट खांद्यात लागतो. शॉकअप हलतच नाहीत, जणू दोन काठ्या लावल्यात. पण घट्टपणाबद्दल तक्रारीला जागा नाही.

हिला म्हटलं, रविवारी ट्रायल. बाजारापर्यंत जाऊन यायचं. ही बराच वेळ कांदा चिरत राहिली. मग हो म्हणाली. मनापासून की कंटाळून, ते कळलं नाही. हो म्हणजे हो.

१५ फेब्रुवारी, रविवार

ट्रायल झाली.

मी एक पक्कं ठरवलं होतं. ही मागे आहे की नाही याची दर थोड्या अंतराने खात्री करायची. "आहेस ना?" असं विचारायचं आणि मान वळवून बघायचं. सुरुवातीला ही हो म्हणत होती. नंतर पुढे बघा म्हणाली. कचऱ्याची पेटी अगदी थोडक्यात चुकली. त्यानंतर हिने उत्तर देणं बंद केलं, म्हणून मला जास्तच वळून बघावं लागलं.

प्रत्येक खड्ड्याला ही सीटवरून वर जाऊन खाली येत होती. गाडीचं कुईं, आणि हिचं "आई गं". बाजाराच्या अलीकडे हिने खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, प्रेमाने. उतरते म्हणाली. उतरली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी चालत येईन म्हणाली.

मी गाडी हळूहळू हिच्या बाजूने चालवत राहिलो. ही फुटपाथवर, मी रस्त्यावर. मागून हॉर्न. हिने एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी कमरेला गरम पाण्याची पिशवी. मी पिशवीचं झाकण नीट घट्ट केलं, निदान तेवढं तरी. तीच पिशवी नंतर पाणी बदलायला हिला उघडता आली नाही.

वाईट वाटलं. मनापासून वाईट वाटलं, आणि ते मी हिला सांगणार होतो, पण तोवर ही झोपली होती. हा सगळा घात त्या पान्याचा आहे. उद्या मेहुण्याला जाब विचारणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मेहुण्याच्या दुकानात गेलो. पाना टेबलावर आपटला नाही, पण आपटल्यासारखा ठेवला. त्याला स्पष्ट सांगितलं की बिघडलेलं हत्यार नातेवाइकाला देणं बरं नव्हे. त्यामुळे तुझ्या सख्ख्या बहिणीची कंबर गेली.

त्याने पाना एका ट्रकच्या नटाला लावला. टक. पुन्हा लावला. टक. मग विचारलं, नक्की काय केलंत. मी फॅक्टरीची पद्धत सांगितली. पहिला टक बसल्याचा, दुसरा बंद झाल्याचा.

मेहुणा तिथेच एका टायरवर बसला. आधी हसला नाही. मग म्हणाला, "भावोजी, पहिला टक पान्याचा असतो. दुसरा बोल्टचा."

आणि मग हसला. टायर बदलायला आलेले लोकही हसले.

हे आधी सांगायला हवं होतं, असं मी त्याला सुनावलं. तो म्हणाला, सांगितलं होतं, थांबा म्हणून. थांबा हे अर्धवट सांगणं झालं. का थांबा, हे नको? माझ्या हाताखालच्या पोरांना मी कारण सांगतो. म्हणजे विचारलं तर सांगतो. म्हणजे अजून कुणी विचारलेलं नाही.

सासरच्या माणसांकडून फार अपेक्षा ठेवू नये.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिची कंबर बरी आहे. आज कामावर गेली. बसने. बस तिला सोसते, ती खड्ड्यांतूनच जाते तरीही. याला काय म्हणायचं? लोखंडाच्या सीटवर आपटत गेलेलं चालतं, नवऱ्याच्या मागे नाही चालत.

बस कोणत्या वेळची, कुठे उभी राहतेस, जागा मिळते का, सगळं विचारलं. मिळते म्हणाली. आणखी काही सांगणार होती बहुतेक, पण मी तिला बसचे शॉकअप कसे असतात ते सांगायला लागलो. कमानी असतात. लोखंडी पट्ट्यांच्या.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मेहुणा संध्याकाळी आपणहून आला. बहिणीसाठी आला, असं दारातच सांगून टाकलं. बरोबर नवे बोल्ट आणि रबरी बुश.

उजवीकडचे माझे दोन बोल्ट काढायला त्याला घाम फुटला. मला अभिमान वाटला, पण दाखवला नाही. बुश चेपून बाहेर आले होते, पिळलेल्या फडक्यासारखे. त्यामुळेच शॉकअप हलत नव्हते म्हणे. गॅरेजवाल्याच्या बाजूचे बुशही तसेच निघाले, हे मात्र ऐकायला बरं वाटलं.

या वेळी एक बाजू झाल्यावर दुसरी. बोल्ट आधी बोटांनी. मग गाडी स्टँडवरून खाली, दोन्ही चाकांवर, आणि मला सीटवर बसवलं. वजन पाहिजे म्हणाला. मी वजनाचं काम केलं. सबंध जोडणीत हेच काम सगळ्यात महत्त्वाचं असतं.

तीन बोल्ट त्याने आवळले. शेवटच्यासाठी पाना माझ्या हातात दिला आणि स्वतः सीटवर बसला. पिळला. टक झालं. हात पुढे जायला बघत होता. हाताला बावीस वर्षांची सवय आहे, हात ऐकत नव्हता. थांबलो. पाना धरून तसाच थांबलो. काही झालं नाही. म्हणजे काही तुटलं नाही.

विचित्र वाटतं. काहीतरी अर्धं सोडल्यासारखं.

२२ फेब्रुवारी, रविवार

गाडी लोण्यासारखी चालते आहे! बाजारापर्यंत एकटाच जाऊन आलो. ते सगळे खड्डे, जिथे ही वर गेली होती, तिथून मुद्दाम नेली. गाडी नुसती वाकते आणि पुन्हा सरळ होते. कुईं नाही. खांद्यात काही लागत नाही. पुन्हा एकदा जाऊन आलो. पुन्हा एकदा.

अशी जोडणी फार कमी लोकांना जमते. मेहुण्याने मदत केली, हे नाकारत नाही.

उद्या सकाळी ही मागे बसणार. वाटेत काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं आहे. बोल्ट कसा आवळावा हा विषय हिच्याही उपयोगाचा आहे, चष्म्याचे स्क्रू असतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी

गाडी पुसून फाटकाशी लावली. सीटही पुसली, मागची आधी. ही खाली आली. मी म्हटलं, चल, बघ आता, कमरेला कळणारसुद्धा नाही. कालच मेहुण्याने फोन करून सांगितलं होतं हिला, गाडी छान झालीय म्हणून. ही म्हणाली, छान झाली ना, बरं झालं. आणि गाडीला वळसा घालून निघाली.

मी हाक मारली. ही थांबली, परत आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

म्हणाली, "बसमधल्या बायका माझी जागा धरून ठेवतात. गुरुवारी मला निघायला उशीर झाला, तर त्यांनी ड्रायव्हरला बस थांबवून ठेवायला लावली. मी पळत येताना दिसले ना, तर आतून सगळ्या हात करत होत्या. मी आले नाही, हे त्यांना कळलं हो."

एवढं बोलून ही हसली. माझ्यावर नाही, आठवून हसली. मग घड्याळ बघून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. म्हणणार होतो की बस थांबवून ठेवणं बेकायदा आहे. म्हटलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सकाळी हिच्या बसच्या मागे मागे गाडी नेली. रस्ता तोच आहे, म्हणून. खिडकीत हिचा निळा की हिरवा पदर दिसत होता. या वेळी नीट बघितला. पिवळा होता. ही शेजारच्या बाईशी बोलत होती, हातवारे करून. इतकी बोलते ही.

पेट्रोल पंप आला, सिग्नल आला, मग हिचं दुकान आलं. ही उतरली. मी लांब थांबलो होतो. तिने वळून बघितलं नाही. बघावं असं काही नव्हतंच, मी तिथे असेन हे तिला माहीत नव्हतं.

मग पुढे फॅक्टरीपर्यंत एकटा गेलो. वाटेत काही बोललो नाही.

जोडणी अगदी उत्तम झाली आहे, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. प्रत्येक खड्ड्याला गाडी मागून हलकी वर येते, आणि मागच्या सीटवर कोणी नाही हे आता अगदी स्पष्ट कळतं.